अनुदानित शाळेत आरती, संस्कारवर्ग आणि साहेबांचा कार्यक्रम: पालकाने नेमकं काय मागावं?

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सहावीत, तालुक्याच्या गावातली शंभर टक्के अनुदानित शाळा. परिपाठात रोज संस्थेच्या संस्थापकांच्या आराध्यदैवताची आरती हात जोडून म्हणावी लागते. शनिवारी एका संप्रदायाचे ‘संस्कारवर्ग’ भरतात, त्यांची परीक्षा होते आणि पुस्तिकेचे पैसे घेतले जातात. निवडणुकीच्या आधी संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे तिथल्या नेत्यांच्याच, कार्यक्रमाला मुलांना गणवेशात नेऊन बसवलं होतं. आईचं म्हणणं: पगार सरकार देतं त्या शाळेत हे चालतं का? आणि बोलले तर माझ्या मुलीचं काय होईल?

मी अनुदानित शाळेत आधी शिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक होतो. निवृत्तीनंतर अशा बाबतीत पालकांना आणि शिक्षकांना पत्रं लिहायला मदत करतो. म्हणून कायदा तर सांगतोच, पण शाळेच्या आत काय घडतं तेही सांगतो, कारण नुसता कायदा हातात घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेलेले बरेच पालक रिकाम्या हाताने परत आलेले मी पाहिले आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘शंभर टक्के अनुदान आहे, म्हणजे शाळा सरकारी झाली, म्हणजे तिथे धर्माचं नाव काढायचं नाही’, असं अनेकजण ठामपणे सांगतात. ते बरोबर नाही. शंभर टक्के अनुदान म्हणजे मंजूर पदांचा पूर्ण पगार शासन देतं. इमारत, जागा, व्यवस्थापन संस्थेचं असतं. राज्यघटनेचा अनुच्छेद 28(1) धार्मिक शिक्षणाला पूर्ण मज्जाव करतो, पण तो पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळांसाठी आहे. जिल्हा परिषदेची शाळा त्यात येते. खासगी संस्थेची अनुदानित शाळा सर्वसाधारणपणे 28(3) मध्ये येते, आणि तुमच्या हातातलं खरं कलम तेच आहे. राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याचं अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर पालकाने संमती दिलेली असली पाहिजे.

या वाक्यातली संमती कोणत्या बाजूने आहे ते नीट बघा. पालकाने हरकत घेतली तर मुलाला सोडा, असं घटना म्हणत नाही. पालकाने आधी हो म्हटलं असेल तरच मुलाला घ्या, असं म्हणते. आपल्या शाळांमध्ये हे उलटं करून टाकलं आहे. कोणी बोललं नाही म्हणजे सगळे तयार आहेत, असं धरलं जातं. माझ्या नोकरीच्या काळात आसपासच्या शाळांमध्ये प्रवेश अर्जाला जोडलेलं ‘माझ्या पाल्याने अमुक उपासनेत भाग घेण्यास माझी संमती आहे’ असं पत्र मला क्वचितच दिसलं. सहलीला संमतीपत्र लागतं, लसीकरणाला लागतं, मग आरतीला का नको? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आलं. शाळेत धर्म दिसतो की नाही यावर वाद घालत बसलात तर तो वर्षभर चालेल. संमती कुठे आहे, हे विचारलंत तर उत्तर द्यावं लागतं.

ही अट आकाशातून पडलेली नाही, आणि तिचा जन्म बऱ्याच अंशी मुंबई-पुण्यातल्या माणसांच्या अनुभवातून झाला आहे. 1839 मध्ये जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी भराभर आपली मुलं शाळेतून काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याबरोबर मिशनऱ्यांकडे गेला होता, त्याला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांना सनातन्यांचा मोठा रोष पत्करावा लागला. शिकवणारे मिशनरी मनापासून शिकवत होते, त्यांच्या शाळांमधून जोतीराव फुल्यांसारखी माणसंही शिकून गेली. तरीही घरच्यांना वाटलेली भीती खोटी नव्हती. आपण मूल अक्षर शिकायला पाठवलं आणि त्याच्या श्रद्धेचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतला, ही भावना ज्याला समजत नाही त्याने शाळा चालवू नये.

1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान सुरू केलं तेव्हा तपासनीसाने शाळेतल्या धार्मिक शिकवणीकडे लक्षच द्यायचं नाही, फक्त ऐहिक शिक्षण चांगलं आहे का ते बघायचं, असं ठरलं. आजही विस्तार अधिकारी तपासणीला येतात तेव्हा टाचणवही बघतात, हजेरीपट बघतात, पोषण आहाराची नोंद बघतात. परिपाठात काय म्हटलं जातं हे बघायला ते थांबत नाहीत. ती जुनी सवय अजून गेलेली नाही.

घटना समितीत 7 डिसेंबर 1948 रोजी या कलमावर चर्चा झाली, मसुद्यात त्याचा क्रमांक 22 होता. शाळांचे तीन प्रकार डोळ्यांसमोर ठेवून कलम बेतलेलं होतं: पूर्ण सरकारी, अनुदान घेणाऱ्या आणि नुसती मान्यता असलेल्या. डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडताना करदात्याच्या पैशाचा मुद्दा घेतला, आणि इतके धर्म असलेल्या देशात एकाला वेळापत्रकात जागा दिली की बाकीच्यांचं काय करायचं हाही. समाजांनी आपापल्या शाळा काढाव्यात, त्यांना अनुदानही मिळावं, पण दुसऱ्याच्या मुलावर सक्ती नको, असा तो तोल आहे. मला तो आजही योग्य वाटतो. खासगी संस्थांनी शाळा काढल्या नसत्या तर ग्रामीण महाराष्ट्रातलं माध्यमिक शिक्षण उभंच राहिलं नसतं, आणि त्यातल्या कित्येक संस्थांच्या मुळाशी एखाद्या माणसाची धार्मिक किंवा सामाजिक निष्ठाच होती. ती पुसून टाका असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या तीन गोष्टी एकेक करून.

आरती. देवाचं नाव आहे, हात जोडायचे आहेत, रोज आहे, सगळ्यांना आहे: ही उपासना आहे. यावर 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत म्हणून संस्थेने त्यांची वेतनश्रेणी अडवली होती. हात जोडायची सक्ती करणं घटनेत बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याआधी, 1986 मध्ये, केरळमधल्या तीन भावंडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. यहोवाचे साक्षीदार या पंथातली ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकली होती. न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या बाबतीत शांत, सन्मानाने उभं राहणं पुरेसं ठरतं, तर संस्थेच्या आरतीच्या बाबतीत त्याहून जास्त मागायचा अधिकार मुख्याध्यापकांना कुठून येणार?

लोक लगेच विचारतात, मग पसायदानाचं काय, दसऱ्याच्या पाटीपूजनाचं काय, गणपतीचं काय? माझं मत सांगतो. पसायदान पुस्तकात कविता म्हणून शिकणं, त्याचा अर्थ लावणं हे साहित्याचं शिक्षण आहे. 1971 च्या डी.ए.व्ही. कॉलेज निकालात गुरू नानकांचं चरित्र आणि शिकवण अभ्यासणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आणि 2002 च्या अरुणा रॉय निकालात धर्मांविषयी शिकवण्यालाही आडकाठी केली नाही. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, गणेशचतुर्थी यांची माहिती मुलांना झालीच पाहिजे, नाहीतर शेजारच्या घरात काय चालतं तेही त्यांना कळणार नाही. पण पाळी लावून मुलांकडून पूजा करून घेणं, वर्गणी हजेरीपटावरून गोळा करणं, प्रसाद नको म्हणणाऱ्याकडे वर्गाने वळून बघणं, इथे शिकणं संपतं. ख्रिस्ती संस्थांच्या अनेक शाळांमध्ये कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वेगळा तास आणि त्याच वेळी इतरांसाठी नीतिशिक्षणाचा तास असतो. ही जुनी, चालणारी व्यवस्था आहे. मराठी शाळांनी ती उचलायला काहीच हरकत नाही. अल्पसंख्याक संस्थांना 2014 च्या प्रमती निकालामुळे शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, आणि त्या निकालाचा मोठ्या खंडपीठाने फेरविचार करावा असं 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं आहे. पण 28(3) अल्पसंख्याक आणि बहुसंख्याक असा भेद करत नाही. संस्था कोणाचीही असो, संमती लागतेच.

संस्कारवर्ग. इथे मला आरतीपेक्षा जास्त काळजी वाटते. आरती पाच मिनिटांत संपते आणि मुलं ती बऱ्याचदा यंत्रासारखी म्हणतात. वर्गात मात्र गोष्ट सांगितली जाते, प्रश्न विचारले जातात, बरोबर उत्तराला गुण मिळतात. ‘खरा गुरू कोण?’ या प्रश्नाला चार पर्याय देऊन त्यातल्या एकावर खूण करायला लावणारी पुस्तिका मी हातात घेऊन पाहिली आहे. अकरा वर्षांचं मूल गुण मिळवायला शिकलेलं असतं, ते बरोबर खूण करतं, आणि घरची श्रद्धा वेगळी असेल तर ती त्याला चुकीचं उत्तर वाटू लागते. पुस्तिकेवर बालभारतीचं नाव नसतं, शिक्षण विभागाची मंजुरी नसते, शिकवायला येणारी व्यक्ती शाळेची कर्मचारीही नसते. म्हणून तीन गोष्टी लेखी विचारा: हा वर्ग कोणत्या आदेशाने शाळेच्या वेळेत भरतो, शिकवणारे कोण, आणि घेतलेल्या पैशाची पावती कुठे आहे. अनुभवाने सांगतो, तिसऱ्या प्रश्नावर शाळा सगळ्यात आधी हलते.

हे सगळं फक्त संस्थाच करतात असंही नाही. 2024 मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीतेचं आणि मनाच्या श्लोकांचं पाठांतर आणि मनुस्मृतीतला एक श्लोक आला, त्यावर गदारोळ झाला. तिथे निदान मसुदा जाहीर होता, हरकती नोंदवता आल्या. शनिवारच्या वर्गाचा मसुदा कोणी जाहीर करत नाही.

साहेबांचा कार्यक्रम. याला कोणताही आधार नाही. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षांना आणि उमेदवारांना स्पष्ट बजावलं की प्रचारात मुलांचा कोणत्याही स्वरूपात वापर करायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं सरकारी काम एवढीच शाळेबाहेरची कामं देता येतात. सत्काराला लेझीम पथक नेणं किंवा मंडपात खुर्च्या भरायला सातवी-आठवी नेणं त्यात बसत नाही. पुढच्या वेळी असं झालं तर तारीख, वेळ, कोणते वर्ग नेले, वाहन कोणतं आणि त्या दिवशी हजेरी कशी लावली, एवढं टिपून ठेवा. शाळेच्याच व्हॉट्सॲप गटावर फोटो येतात, ते जपून ठेवा. आचारसंहिता लागू असेल तर तक्रार निवडणूक अधिकाऱ्यांकडेही करता येते.

राजकारणाबद्दल एक गोष्ट पालकांना विनवून सांगावीशी वाटते. राजकारण शिकवणं आणि पक्षाचा प्रचार करणं यांत गल्लत करू नका. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हानं ही प्रकरणं आहेत. चांगला शिक्षक ती शिकवताना चालू घडामोडी घेणारच, दोन बाजू मांडणारच, मुलांना वाद घालू देणारच. पण संस्थाचालक एका पक्षाचे आणि पालक दुसऱ्या पक्षाचे असले की शिक्षक ती प्रकरणं फक्त वाचून दाखवतो आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतो. कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करेल या भीतीने चांगली माणसं तासाला गप्प बसतात, हे मी पाहिलं आहे. तुमची तक्रार अशा शिक्षकाच्या अंगावर पडणार नाही याची काळजी घ्या. तो मुलांना प्रश्न विचारू देतो की नाही, एवढं बघा. देत असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहा, त्याचं मत तुम्हाला पटत नसलं तरी.

आणि शिक्षक हे का करतात, हेही समजून घ्या. पगार शासनाचा असला तरी नेमणूक संस्थेची आहे. गोपनीय अहवाल मुख्याध्यापक लिहितात, पगारबिलावर त्यांची सही लागते, बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचा प्रस्ताव शाळेतूनच जातो. एखाद्या तुकडीला अजून वीस किंवा चाळीस टक्केच अनुदान असेल तर तिथला शिक्षक अर्ध्या पगारावर घर चालवत असतो. त्याला शनिवारी ‘वर्गावर थांबा’ म्हटलं की तो थांबतो. मुलांच्या रांगांमधून कोणाचे ओठ हलत नाहीत हे बघत फिरणारा पीटीचा शिक्षक घरी वेगळ्याच देवाला मानणारा असतो, असंही पाहिलं आहे. तुमच्या शाळेतला कोणी शिक्षक याला नकार देऊ इच्छित असेल तर त्याला सांगा: 1977 च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली नोकरीवरून काढलं किंवा पदावनत केलं तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. आदेश हातात पडल्याची तारीख लिहून ठेवायची. मुदत टळल्याने हरलेली प्रकरणं कमी नाहीत.

आता करायचं काय? मुलीला बाजूला काढून घेणं ही पहिली पायरी करू नका. कायद्याने ते तुमचं आहे, पण सगळा वर्ग हात जोडून उभा असताना एकटीने व्हरांड्यात थांबणं ही सहावीतल्या मुलीला शिक्षाच वाटते. आमच्याकडे एक मुलगी नुसती शांत उभी राहायची. कोणी रागावलं नाही, पण स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यातून तिचं नाव गळलं आणि मैत्रिणी विचारू लागल्या की तुम्ही कोण? म्हणून मागणी अशी करा की उपासनेचा भाग परिपाठातून बाहेर काढा आणि शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर, ज्यांच्या पालकांची लेखी संमती आहे त्यांच्यासाठी ठेवा. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बातम्या एवढं सगळ्यांचं राहू द्या. उद्देशिकेचं वाचन तर राज्यात 26 जानेवारी 2020 पासून शाळांना बंधनकारक केलेलंच आहे. इंग्लंडमध्ये 1870 च्या कायद्याने हाच तोडगा काढला होता, धार्मिक भाग शाळेच्या वेळेच्या सुरुवातीला किंवा शेवटी, म्हणजे ज्याला नको त्याचं शिक्षण बुडत नाही. आपल्याकडे एवढी काळजी मात्र घ्या की हजेरी त्यानंतर लागली पाहिजे.

एकट्याने जाऊ नका. वेगवेगळ्या जातीधर्मांचे चार-पाच पालक एकत्र या, ज्यांची स्वतःची श्रद्धा त्याच दैवतावर आहे असा निदान एक त्यात हवा. असा पालक मिळतो, विचारून बघा. तो बरोबर असला की ‘हे आमच्या धर्माच्या विरोधात आलेत’ हे पालुपद चालत नाही. पत्र मुख्याध्यापकांना द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मजकूर साधा असू द्या:

‘माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सहावीत शिकते. शाळेच्या वेळेत होणाऱ्या धार्मिक उपासनेस व धार्मिक शिक्षणाच्या वर्गास तिने उपस्थित राहावे यासाठी माझी संमती शाळेने घेतलेली नाही व मी ती दिलेली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(3) नुसार अशी संमती आवश्यक आहे. हे कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, संमती देणाऱ्या पालकांच्या पाल्यांसाठी ठेवावेत ही विनंती. या पत्रामुळे माझ्या पाल्याला वर्गात कोणताही त्रास होणार नाही याची शाळा काळजी घेईल असा विश्वास आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाच्या मानसिक छळाला बंदी आहे, कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 29 मध्ये मुलाला भीतीविना आपलं मत मांडता यावं असं लिहिलेलं आहे. पुढे काही घडलं तर हे पत्र तारखेसह तुमच्या हातात असतं.

शाळा व्यवस्थापन समितीत विषय जरूर मांडा, पण अनुदानित शाळेत ही समिती 2012 च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देऊ शकते, त्यामुळे तिथे ठराव झाला की काम झालं असं समजू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच पत्र पोचपावतीची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांना. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज शाळेच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे टाका आणि संस्कारवर्गाबद्दलचं परिपत्रक, जमा पैशाचा हिशेब आणि कार्यक्रमाला मुलांना नेल्याच्या दिवसाचा हजेरीपट मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मुलीला प्रत्यक्ष त्रास सुरू झाला तर मात्र ही शिडी चढत बसू नका, सरळ राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे लिहा. मुलीच्या वर्गशिक्षकांना आधी भेटा आणि पत्र देणार आहात हे त्यांना स्वतः सांगा. रोज तिच्याबरोबर तेच असणार आहेत.